दुशिंगबाईंचं निर्मळ चॉकलेट

या, मंडळी, या! पुढे सरका. पुढे भरपूर जागा आहे. देवाच्या घरात पुढच्या रांगेत नेहमीच जागा असते, पंगतीत मात्र मला ती कधी मिळालेली नाही! आणि माझ्या या देहाकडे बघून हसू नका. ईस्टरआधीचे लेंटचे दिवस चाललेत, मी कडक उपवासाला आहे. म्हणजे गोड सोडलंय. बाकीचं सगळं, सोडलेल्या गोडाची भरपाई म्हणून, दुप्पट खातो!

तर ऐका. आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. पाप घडलं लांब. समुद्रापलीकडे. ते गाव तुम्हाला नकाशात सापडणार नाही, मला तर नकाशाच सापडणार नाही! पण त्या पापातला गोड घास तेवढा फिरत फिरत आपल्या तोंडात आला. तर, मंडळी, ते पाप कुणाचं? करणाऱ्याचं? विकणाऱ्याचं? का... चघळणाऱ्याचं?

झालात गप्प! मला माहीत होतं. चघळताना बोलता येत नाही. धरा चाल —

गोड लागले जिभेला । पुसे ना मन कोणाला ।
कोणी वाढिले ताटाला । घाम कोणाचा ॥

बास. आता आख्यान. आपल्याच नगर जिल्ह्यातलं गाव आहे. नाव सांगणार नाही. सांगितलं, तर तुमच्यातल्या निम्म्या जणांचे तिथे पाहुणे निघतील, आणि माझं आख्यान संपायच्या आत फोनवर खात्री करून मोकळे व्हाल!

त्या गावच्या चर्चच्या मंडळीत एक बाई होत्या. विनोदिनीबाई दुशिंग. मिशनच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. पण मंडळी, मुख्याध्यापिका नोकरीतून निवृत्त होते, आवाजातून नाही! बाई चर्चच्या फाटकातून नुसत्या आत आल्या, की ज्यांच्या पोरांनी शाळा सोडून पंधरा-वीस वर्षं झाली, असे बापेसुद्धा सदऱ्याची वरची गुंडी लावायचे. त्यांचे यजमान सुगंधराव. एसटीत कंट्रोलर होते. आयुष्यभर गाड्या उशिरा आलेल्या पाहिल्यामुळे स्वभाव एकदम शांत. कशाचीच घाई नाही, कशाचंच आश्चर्य नाही.

या बाईंचा वर्षाचा एक मान होता. ईस्टरला, उपासना संपली, की संडे स्कूलच्या प्रत्येक लेकराच्या हातावर बाई स्वतः केलेलं चॉकलेटचं अंडं ठेवायच्या. बाजारातल्या मुथा शेठच्या दुकानातून चॉकलेटची लादी आणायची, घरी वितळवायची, साच्यात ओतायची, वर चमकीचा कागद. लाल, हिरवा, सोनेरी. पोरं वर्षभर त्यांना काय म्हणायची? मुख्याध्यापिका? छे! अंड्यांच्या बाई! आणि खरं सांगू? बाईंना ते नाव फार आवडायचं. वरून रागवायच्या, पण कुणी चार दिवस म्हटलं नाही, तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

तर काय झालं, लेंटच्या दिवसांत शहरातून एक ताई आल्या. भगिनी मंडळात त्यांनी भिंतीला पांढरी चादर लावून एक फिल्म दाखवली. आफ्रिकेतली. कोकोच्या बागा. पपईएवढाली फळं झाडाच्या खोडालाच लागलेली. आणि ती फळं तोडायला लेकरं! हातात कोयता. पाठीवर स्वतःपेक्षा मोठं पोतं. एक पोर होतं — दुशिंगबाईंच्या चौथीच्या वर्गात बसलं असतं एवढंच — त्यानं कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि पायावरची जखम लपवायला दुसरा पाय पुढे केला. बास, एवढंच. फिल्म पुढे गेली, पण बाई त्या पायापाशीच राहिल्या.

घरी आल्या. ओट्यावर मुथा शेठकडून आणलेली लादी, साचे धुऊन पालथे घातलेले. बाईंनी लादीवरचा कागद काढला, वास घेतला. रोजचाच वास. पण बाईंनी तोंड फिरवलं. सुगंधरावांनी जेवायला हाक मारली, तर म्हणाल्या, “तुम्ही जेवा. मला त्या पोराचा पाय दिसतोय.”

इथपर्यंत, मंडळी, हसण्यासारखं काही नाही. ज्याला दुसऱ्याच्या लेकराची जखम बघून घास गिळता येत नाही, तो देवाच्या राज्यापासून फार लांब नाही. बाईंचं मन खरं होतं. पण पुढे काय झालं ते ऐका. मन खरं होतं, आणि आवाज मुख्याध्यापिकेचा होता!

दुसऱ्या दिवशी अख्खी लादी परसातल्या खतखड्ड्यात गेली. संध्याकाळी बघतात, तर गावभरच्या मुंग्या! काळी रांग, कुंपणापासून खड्ड्यापर्यंत. सुगंधराव खुर्चीतून म्हणाले, “यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही, पापाचं आहे म्हणून.”

तिथून बाई निघाल्या मुथा शेठच्या दुकानात.

“शेठ, हे चॉकलेट कुठून येतं?”

“पुण्याहून, बाई.”

“त्याच्या आधी?”

“आधीचं मी पुण्याला विचारत नाही. आणि नंतरचं पुणं मला विचारत नाही. म्हणून तर धंदा चाललाय!”

बाईंनी दुकानात उभ्या उभ्या असं भाषण दिलं, की आइस्क्रीम घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक मीठ घेऊन परत गेलं.

मग आला झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. पोरं हातात झावळ्या घेऊन नाचतायत, होसान्ना चाललंय, आणि सूचनांच्या वेळी बाई उभ्या राहिल्या. “या वर्षीपासून या मंडळीत चॉकलेट बंद! ते लेकरांच्या रक्ताचं आहे. ईस्टरला बेसनाचे लाडू मिळतील. अंड्याच्या आकाराचे.”

अहो, झावळ्या खाली आल्या! एका पोरीनं असा गळा काढला, की पाळक रणपिसेसाहेबांना वाटलं, कुणाला विंचू चावला. शिरसाटमावशी, नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या, मोठ्यानं म्हणाल्या, “रक्ताचं कशाला बोलता हो पोरांसमोर? आता हा टमाट्याची चटणी तरी खाईल का?”

पण बाई मागे हटल्या नाहीत. ज्यांच्या त्यांच्या घरी जाऊन डबे तपासायला लागल्या. वाढदिवसाच्या केकवरचं चॉकलेट खरवडून काढायला लावलं. आणि मंडळी, आता कान द्या. बाईंना दोन दिवसांतच बरं वाटायला लागलं. झोप लागायला लागली. त्या पोराचा पाय दिसेनासा झाला, आणि त्याच्या जागी दिसायला लागल्या विनोदिनीबाई दुशिंग, पांढऱ्या साडीत, पापाविरुद्ध उभ्या! साखरेपेक्षा गोड एक पदार्थ आहे. ‘मी चांगला.’ त्याची चव मला विचारा. मी उपवास धरला, की घरात दुसऱ्या कुणाला सुखानं चहा पिऊ देत नाही. बिस्किट बुडवणाऱ्याकडे असा बघतो, की बिस्किट आपोआप गळून पडतं!

आता बाईंना एक गोष्ट सुचली. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, संध्याकाळी मंडळीसमोर साक्ष ठेवायची. आफ्रिकेतल्या माणसाचीच! आणि माणूस तर आपल्यातच होतं.

त्या गावाजवळ शेतकीचं विद्यापीठ आहे. तिथे मातीचं शास्त्र शिकायला घाना देशातून एक मुलगी आलेली. एफुआ तिचं नाव. दर रविवारी चर्चला यायची. तिसऱ्या बाकावर, खांबाशेजारी. दोन वर्षं! गाणं असं गायची, की बाकीचे आपला आवाज खाली करून तिचा ऐकायचे. उपासना संपली, की सगळे तिच्याशी हात मिळवायचे, “हॅलो, हॅलो” म्हणायचे, आणि चपला शोधायला जायचे.

बुधवारच्या प्रार्थनेनंतर बाईंनी तिला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. बोलणं झालं इंग्रजीत. मी ते मराठीतच सांगतो. माझ्या इंग्रजीत सांगितलं, तर घाना देशाशी आपले संबंध बिघडतील!

“एफुआ,” बाई म्हणाल्या, “शुक्रवारी तू उभी राहायचंस. सांगायचं, की चॉकलेटमुळे तुमच्या देशात किती अत्याचार होतो. की सगळ्यांनी चॉकलेट सोडावं. थोडं रडू आलं तरी चालेल. आवरू नकोस.”

एफुआनं झोळी खाली ठेवली. म्हणाली, “बाई, माझी आई कोको पिकवते.”

“अरेरे!” बाईंचा हात छातीवर.

“अरेरे का?”

बाईंचा हात छातीवरच राहिला.

“आमची झाडं आहेत,” एफुआ म्हणाली. “आजोबांनी लावलेली. फळं फोडायची, गर केळीच्या पानांत झाकून ठेवायचा, मग बिया उन्हात वाळवायच्या. मी पण केलंय, शाळेतून आल्यावर. आईशेजारी बसून, गाणी म्हणत. माझी शाळा त्या झाडांवर झाली. मी इथे तुमच्यासमोर उभी आहे ती त्या झाडांमुळे. मी उभी राहून सांगू, की माझ्या आईचं पीक पाप आहे?”

“मग ती फिल्म खोटी?” बाई जरा ताठ झाल्या.

“नाही. खोटी नाही.” एफुआ पायरीवर बसली. “आमच्या पलीकडे एका मोठ्या मालकाची बाग होती. तिथे उत्तरेकडून ट्रकमधून मुलं आणायचे. ती शाळेत जात नव्हती. मी शाळेतून येताना त्यातल्या एकानं मला थांबवलं होतं. माझ्या दप्तरावर काहीतरी छापलेलं होतं, त्यावर बोट ठेवून म्हणाला, हे काय लिहिलंय, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं आणि घरी गेले. पुढच्या हंगामात तो नव्हता. त्याचं नाव मी विचारलं नाही, बाई. अजून आठवतं मला ते.”



“तुम्ही चॉकलेट घ्यायचं बंद केलंत,” एफुआ म्हणाली, “तर तो मालक त्या मुलांना शाळेत घालणार नाही. दुसरं पीक लावेल, आणि त्यालाही तीच मुलं लावेल. पण माझ्या आईला झाडं तोडावी लागतील.”

“मग मी करू तरी काय?”

“विचारत राहा. कुणी पिकवलं, त्याला काय दिलं. ज्याला उत्तर देता येतं, त्याच्याकडून घ्या. आणि त्याच्याशी घासाघीस करू नका.”

एवढं बोलून ती उठली. झोळी खांद्याला लावली. मग पुन्हा वळली. “अजून एक सांगू? रागावणार नाही ना? मी दोन वर्षं इथे येते. आज पहिल्यांदा तुम्ही मला थांबवलंत. आणि तेही मी काय बोलायचं ते मला सांगायला.”

बाईंचं तोंड उघडलं, आणि त्यातून — मंडळी, त्या गावात हे पहिल्यांदाच घडलं — आवाज निघाला नाही. कसंबसं म्हणाल्या, “नाताळात... तू कुठे होतीस गं?”

“होस्टेलवर. सगळे आपापल्या घरी गेले होते. मेस बंद होती. बिस्किटं होती माझ्याकडे.”

आणि नाताळात बाईंच्या घरी काय होतं, माहिती आहे? करंज्या, अनारसे, दोन प्रकारची चकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आग्रह! समुद्रापलीकडच्या लेकरासाठी घास उतरत नव्हता, आणि तिसऱ्या बाकावरची पोर बिस्किटं खात होती. हसू नका! दया लांबच्या माणसावर करणं सोपं असतं. ते घरी येऊन बसत नाही. मी जगातल्या सगळ्या राष्ट्रांसाठी डोळे मिटून तास-तास प्रार्थना करतो. शेजारचा साखर मागायला आला, की मात्र माझी प्रार्थना लांबते!

बाई घरी आल्या आणि अंगणातल्या खुर्चीत बसल्या. पदर डोळ्यांना लावला. सुगंधरावांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, “अहो, मी एवढी मूर्ख कधी झाले?”

सुगंधरावांनी विचार केला. “एकदम नाही झालीस. मुख्याध्यापिका झालीस ना, तिथपासून हळूहळू.”

बाई रडता रडता हसल्या. आणि हसू आलं, म्हणून वाचल्या. ज्याला स्वतःचं हसू येतं, त्याला देव अजून दुरुस्त करू शकतो. बाकीच्यांसाठी त्यालाही कारागीर सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फोन घेऊन बसल्या. चॉकलेट बनवणारे जेवढे सापडले, तेवढ्यांना फोन.

पहिल्याला विचारलं, “तुमचं चॉकलेट निर्मळ आहे का?” तो म्हणाला, “एकदम! शंभर टक्के शाकाहारी, मॅडम!”

दुसऱ्याला विचारलं, “कोको पिकवणाऱ्या लोकांचं काय?” तो म्हणाला, “त्यांनाही आवडतं.”

तिसऱ्या ठिकाणी एक मुलगी होती, तिनं तिथल्या तिथे शपथ घेतली. आमच्याकडे सगळं नीतीचं, सगळं स्वच्छ, सगळं शेतकऱ्याच्या भल्याचं! बाईंनी विचारलं, “शेतकरी कुठला?” तर म्हणाली, “ते वरून येतं.” वरून म्हणजे कुठून? स्वर्गातून?

शेवटी पुण्यातच एक बाई लागली. मैथिली म्हणून. छोटी जागा, चार बाया कामाला. दुशिंगबाईंनी तिची उलटतपासणी सुरू केली. कोको कुठला? केरळातला, डोंगरातल्या बागांतला. कुणाच्या बागा? तिनं तिघांची नावं सांगितली, घरच्या माणसांची सांगावीत तशी. त्यांना काय देता? बाजारभावापेक्षा वर देते, आणि आधी ठरवून देते. लेकरं कामाला असतात? नसतात, दर हंगामाला मी स्वतः जाऊन येते.

“आणि फळं तोडायला रोजंदारीवर बाया येत असतील, त्यांना काय मिळतं?”

मग मैथिली म्हणाली, “ते मला माहीत नाही. हे मी कधी विचारलंच नाही. विचारून सांगते.”

आणि मंडळी, दुशिंगबाईंनी तिथेच ठरवलं, की घ्यायचं तर हिच्याकडून! सगळं माहीत असणारे त्यांना सकाळपासून तीन भेटले होते, आणि एक तर रोज आरशात भेटत होती. ‘माहीत नाही, विचारते’ म्हणणारं पहिलंच माणूस! दुपारी मैथिलीचा फोन खरंच आला. म्हणाली, “विचारलं. गड्यांपेक्षा बायांना कमी देतात. मला ते आवडलं नाही. पुढच्या हंगामाच्या बोलण्यात हा विषय काढणार आहे. तुम्हाला आता चॉकलेट नको असेल, तर मला समजेल.”

बाई म्हणाल्या, “पाठवा. आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारणार आहे!”

मग बाईंनी एफुआला फोन केला. थोड्या ओशाळलेल्या. “अगं, चॉकलेट मिळालं, पण केरळचं आहे. तुमच्या घानाचं नाही. तुला वाईट नाही ना वाटणार?”

एफुआ फोनवर हसली. “आईच्या बिया पोत्यात जातात, बाई, आणि पोती शेकडो पोत्यांत. कदाचित तुम्ही खतखड्ड्यात टाकलंत म्हणे, त्यातच असतील! केरळचं घ्या. तिथेही आया आहेतच की.”

आता राहिलं मंडळीला सांगणं. उत्तम शुक्रवारची संध्याकाळ. चर्च गच्च भरलेलं. साक्षीची वेळ आली, बाई उभ्या राहिल्या. एकट्याच. हजारभर प्रार्थना-सभांत बोललेली बाई, पण बाक धरून उभी.

“रविवारी मी तुम्हाला सांगितलं, चॉकलेट बंद. मी चुकले. लेकरांचे हाल होतात हे खरं आहे, ते मी मागे घेत नाही. पण ज्यांच्याबद्दल बोलत होते, त्यांना काही विचारलं नव्हतं. ज्यांच्या घरी जाऊन डबे उघडले, त्यांची माफी मागते. ईस्टरला अंडी मिळतील. पुण्याहून चॉकलेट मागवलंय. जरा महाग आहे, म्हणून अंडी लहान होतील.”

शिरसाटमावशी लगेच उठल्या. “म्हणजे बाई, चॉकलेट खाणं पाप आहे का नाही, ते एकदाचं ठरवा! माझ्या नातवानं पाच दिवस रडून काढलेत!”

आणि मुख्याध्यापिका विनोदिनीबाई दुशिंग सगळ्या मंडळीसमोर म्हणाल्या, “मावशी, मला माहीत नाही. विचारतेय.”

मावशी खाली बसल्या. बाईंशी भांडायची सवय होती, चूक कबूल केलेल्या बाईंचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं!

शनिवारी सुगंधरावांची एसटी कामाला आली. त्यांच्या जुन्या ओळखीच्या कंडक्टरनं थर्माकोलचा डबा पुण्याहून मांडीवर धरून आणला. आणि एफुआ पहिल्यांदा त्या घरात आली. दारातच चपला काढून उभी राहिली, तर बाईंनी हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. चॉकलेट वितळलं. दोघींनी बोट बुडवून चव घेतली.

“कडू आहे गं!” बाई म्हणाल्या.

“खरं आहे ना, म्हणून,” एफुआ म्हणाली.

“मला वाटलं तुला चॉकलेट करता येत असेल.”

“मी माती शिकते, बाई! चॉकलेट मी पण दुकानातूनच घेते.”

दोघींनी मिळून निम्मी अंडी बिघडवली, पुन्हा वितळवली, पुन्हा ओतली. जेवायला थांब म्हटल्यावर एफुआ थांबली. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी. तिखटानं डोळ्यांतून पाणी, पण ताट चाटून पुसून स्वच्छ. सुगंधराव म्हणाले, “ही आपल्यातलीच आहे.”

आला ईस्टर! पहाटेची उपासना झाली, मग मोठी उपासना. टोपली सजवून पुढच्या मेजावर ठेवलेली. लहान लहान अंडी, चमकीच्या कागदात. आणि दिवस कुठले? एप्रिलचे. गाव कुठलं? आपल्या नगरचं. आणि वर छप्पर? पत्र्याचं!

आता बाजारच्या लादीत कसली कसली तेलं असतात, ती ऊन सोसते. हे होतं खऱ्या कोकोचं. माणसाच्या जिभेवर विरघळावं म्हणून देवानं केलेलं. त्याला काय माहीत पत्रा! त्यात रणपिसेसाहेबांना त्या दिवशी स्फूर्ती आली. प्रवचन लांबलं. तरी बरं, रणपिसेसाहेब होते. माझं प्रवचन असतं, तर अंडीच काय, टोपलीसुद्धा वितळली असती!

आमेन झालं. पोरं धावली. पहिल्या पोरीनं कागद उघडला. आणि सगळी मंडळी बघतेय, शिरसाटमावशी मान उंच करून बघतायत. कागदातून चॉकलेट तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहत गेलं.

“बाई,” ती म्हणाली, “अंडं रडतंय.”

एक नाही, सगळीच! शोधून, विचारून, माफी मागून आणलेलं चॉकलेट, त्याचा चिखल. बाई टोपलीसमोर उभ्या. एवढं अपमानाचं उरलं होतं, तेही झालं. आणि मग बाईंच्या खांद्यांना हिसका बसला. सगळ्यांना वाटलं, रडल्या. तर बाई हसत होत्या! पोट धरून, बाकाला टेकून, डोळ्यांत पाणी येईतो. “रणपिसेसाहेब,” म्हणाल्या, “प्रभू उठला, पण माझी अंडी झोपली!”

हशा असा फुटला, की पत्रे वाजले.

तेवढ्यात एफुआ पुढे आली. म्हणाली, “बाई, आमच्याकडे सकाळी कोको पितात. गरम. पावाबरोबर. अंगणात दूध तापतंय ना?”

अहो, मंडळीच्या चहासाठी पातेलंभर दूध चुलीवर होतंच! बाईंनी पदर खोचला. चमकीचे कागद खरवडून खरवडून सगळं चॉकलेट त्या दुधात. शिरसाटमावशी साखर घेऊन धावल्या, कारण कडू त्यांना चालणार नव्हतं. पाव आले. आणि त्या वर्षी पहिल्यांदा, नुसत्या पोरांनाच नाही, सगळ्यांना मिळालं. म्हाताऱ्यांना, बापांना, फाटकापाशी उभे होते त्यांनाही. कपाळाला घाम, हातात वाफाळता पेला, आणि पाव बुडवून बुडवून खातायत!

सगळ्यांना वाढून झाल्यावर बाई आपला पेला घेऊन एफुआशेजारी जाऊन बसल्या. काही सांगायला नाही.

“एफुआ, तुझ्या आईचं नाव काय गं?”

“एसी.”

“एसी?”

“हो. आमच्याकडे जन्मवाराचं नाव ठेवतात. मी शुक्रवारची, म्हणून एफुआ. आई रविवारची, म्हणून एसी.”

बाईंनी पेला खाली ठेवला. मग रणपिसेसाहेबांना म्हणाल्या, शेवटची प्रार्थना मी करू का? आणि उभं राहून, डोळे मिटून, म्हणाल्या, “हे दयाळू पित्या, एसीला आशीर्वाद दे. या उन्हात एसीला सांभाळ. तिचे हात चालते ठेव...”

मागून शिरसाटमावशींचा आवाज आला, “आमेन! आणि पंखेही दुरुस्त कर, प्रभू!”

सगळ्यात आधी कोण हसलं असेल? एफुआ! हसली, हसता हसता रडली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या चर्चमध्ये तिनं कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवलं. त्याच दिवशी तिनं आईला फोन लावला आणि सांगितलं, आई, इथे भारतात आज सगळ्या चर्चनं तुझं नाव घेतलं. आई काय म्हणाली, ते मला माहीत नाही. एफुआनं सांगितलं नाही, आणि बाईंनीही एवढं मात्र विचारलं नाही.

झालं, मंडळी. आता तुमच्याकडे वळतो. पळू नका, फाटकाला कडी आहे!

ईस्टरला चॉकलेट घ्या. लेकरांना द्या. मलाही दिलंत, तर उपवास त्या दिवशी संपतो, एवढं लक्षात ठेवा. पण घेताना दुकानदाराला विचारा, बाबा, हे कुणी पिकवलं? तो हसेल. हसू दे. दुसऱ्यानं विचारलं, की कमी हसेल. दहाव्यानं विचारलं, की त्याला पुण्याला विचारावं लागेल. आणि जो म्हणेल ‘माहीत नाही, विचारून सांगतो’, त्याचा हात सोडू नका.

पण तेवढ्यावर घरी जाऊ नका. तुम्ही विचाराल दुकानदाराला आणि म्हणाल, झालो आम्ही चांगले! आता, या घडीला, शेजारी कोण बसलंय बघा. बघा की! किती वर्षं बसता एका बाकावर? त्याच्या घरी कोण आजारी आहे? नाताळात तो काय जेवला? त्याच्या आईचं नाव काय?

खाली का बघताय? चपला बाहेर आहेत!

आणि मला हसू नका म्हणणार होतो, पण हसा. कारण मी सगळ्यांना विचारतोय, आणि हे आमचे पेटीवाले... माझ्या मागे बसून गावोगाव पेटी वाजवतात, मी सूर सोडला तर झाकून घेतात, मी बोलत सुटलो तर उपाशी बसतात. अहो पेटीवाले, तुमच्या आईचं नाव काय हो?

... काय? मोठ्यानं सांगा.

सगुणा!

ऐकलंत, मंडळी? उभे राहा. टोप्या काढा. आजची प्रार्थना सगुणाबाईंपासून सुरू करू. आणि मग एकेकानं आपल्या शेजाऱ्याच्या आईचं नाव घ्यायचं. माहीत नसेल, तर आधी विचारा. देव थांबेल. त्याला घाई नाही.